भावाचा अंगठा घेण्याआधी

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वडील मागच्या वर्षी वारले. मागे ६४ वर्षांची आई, ३१ वर्षांचा लहाना भाऊ आणि शेजारच्या तालुक्यात दिलेल्या या ताई. भाऊ जन्मापासून मतिमंद. शाळेत असताना काढलेलं, हातानं लिहिलेलं ६० टक्क्यांचं प्रमाणपत्र घरात आहे. तो शेळ्या चारून दिवस मावळायच्या आत बरोबर घरी आणतो, दहाची नोट ओळखतो, पाचशेची ओळखत नाही. वडिलांच्या नावे सहा एकर कोरडवाहू वावर आहे. ते चुलत भाऊ मक्त्यानं करतो आणि वर्षाचे साठ हजार रोख आईच्या हाती देतो. वडिलांनी स्वतःच्या आणि मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत सव्वादोन लाखांची एफडी केली होती. बँक म्हणते, कोर्टातून पालकाचा कागद आणा. चुलत भाऊ म्हणतो, माझ्या नावानं मुखत्यारपत्र करू, त्याचा अंगठा घेतला की झालं. तहसीलजवळचा अर्जनवीस म्हणतो, शपथपत्रावर भागते. मामा म्हणतात, ताईंनी भावाचा हिस्सा हक्कसोड करून आपल्या नावावर घ्यावा आणि त्याला सांभाळावं. तर गावात कुजबूज आहे की पोरीचा वावरावर डोळा आहे. ताई विचारतात : "त्याला तर काहीच समजत नाही. आई आहे म्हणजे तीच त्याची पालक ना? मग वेगळा कागद कशाला? आणि त्यासाठी नागपूरच्या हायकोर्टात जावं लागते का?"

उत्तर :

ताई, आधी हायकोर्टाची भीती काढून टाका. तुमच्या भावाचं काम यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात होण्यासारखं आहे आणि त्याला वकील लावायचीही गरज नाही. ते कसं करायचं ते पुढे सविस्तर सांगते. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबू या, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

"त्याला काहीच समजत नाही" असं तुम्ही लिहिलंत. त्याच्या दोनच ओळी आधी लिहिलंत की तो शेळ्या घेऊन जातो आणि वेळेत परत आणतो. म्हणजे कुणाच्या वावरात शेळी शिरू द्यायची नाही, पाणी कुठं पाजायचं, परत केव्हा फिरायचं, हे त्याला समजतं. पाचशेची नोट, व्याज, सही आणि सातबारा समजत नाही. या दोन गोष्टींमधलं अंतर हीच तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' सांगितलं आहे : ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, दोघांच्या विश्वासानं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालकसुद्धा आता मर्यादित पालकच समजला जातो. त्यामुळे "सगळं माझ्या हाती द्या" असा अर्ज करू नका. नेमकं कशासाठी हवं ते मागा. त्यात भावाचं भलं आहेच, आणि गावातली कुजबूज थांबवायलाही याहून चांगलं उत्तर नाही.

त्याची इच्छा विचारायची कशी, हा प्रश्न बऱ्याच घरांना पडतो. "तुला पालक कोण पाहिजे?" असं विचारून काही निघत नाही. त्याच्या रोजच्या भाषेत विचारा : तुझे पैसे कोणाजवळ ठेवू? आई दवाखान्यात गेली तर तुला जेवण कोणी द्यावं? कोणाच्या घरी झोपशील? हे एकाच दिवशी आणि सगळ्यांसमोर विचारू नका. एकदा आईनं विचारावं, एकदा तुम्ही, एकदा त्याच्या ओळखीच्या आशाताईनं. चुलत भाऊ समोर बसलेला असताना तो वेगळं बोलतो का, तेही बघा. तीन वेळा तेच नाव आलं तर ते नाव कागदावर लिहून ठेवा. पालक नेमणाऱ्या समितीसमोर (तिच्याबद्दल पुढे सांगते) ते कामी येतं.

आता आईबद्दल. आईवडील नैसर्गिक पालक असतात ते मूल १८ वर्षांचं होईपर्यंतच. त्यानंतर, अपंगत्व कितीही असलं तरी, कायद्याच्या नजरेत तो स्वतंत्र सज्ञान माणूस असतो आणि आईची सही त्याच्या वतीनं चालत नाही. तुमचा भाऊ १३ वर्षांपूर्वीच या रेषेपलीकडे गेला. वडील हयात होते म्हणून हे कुणाला जाणवलं नाही. बँकेनं अडवलं ते त्रास द्यायला नाही, तिथं बँक बरोबर आहे. फक्त 'कोर्टातूनच' हे तिचं म्हणणं चूक आहे.

तुमच्यासमोर ठेवलेले तिन्ही सोपे रस्ते मी एकेक करून बंद करते, म्हणजे पुन्हा कुणी सुचवले तर तुमच्याजवळ उत्तर असेल.

मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतो आहोत ते समजलं पाहिजे. भारतीय करार कायदा १८७२ मध्ये कराराला समज असलेला माणूस लागतो. समज नसताना घेतलेल्या अंगठ्याची किंमत शून्य, मग तो नोटरीसमोर घेतलेला असो की दुय्यम निबंधकासमोर. उलट उद्या कुणी तक्रार केली तर अंगठा घेणाराच फसवणुकीच्या गुन्ह्यात अडकू शकतो. चुलत भावाला हे शांतपणे सांगा. त्याच्या मनात वाईट आहे असं धरून चालू नका; खेड्यात बहुतेकांना अंगठा म्हणजेच कायदा वाटतो.

शपथपत्र म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल केलेलं विधान. "मी याची पालक आहे" असं स्टॅम्पपेपरवर लिहून कुणी पालक होत नाही.

हक्कसोडीची गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. तोही एक करारच, म्हणून भावाच्या बाजूनं तो टिकणार नाही, हे झालंच. पण समजा कसाबसा नोंदला गेला. दोन एकर तुमच्या नावावर आले. उद्या तुमचंच काही बरंवाईट झालं तर ते दोन एकर तुमच्या नवऱ्याकडे आणि मुलांकडे जातील. त्यांनी तुमच्या भावाला सांभाळलं तर त्यांचा चांगुलपणा, नाही सांभाळलं तर भावाच्या हातात काही उरत नाही. मामांचा हेतू मला प्रामाणिक दिसतो. पण भावाच्या म्हातारपणाची एकमेव ठेव तुमच्या आयुष्याच्या दोरीला बांधणं बरोबर नाही. "त्याला काय करायचं आहे वावर" असं कुणी म्हणालं तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चं कलम २८ सांगा : आजार, दोष किंवा व्यंग या कारणानं कुणाचाही वारसा नाकारता येत नाही. तुमच्या घरात आई, तुम्ही आणि भाऊ असे तिघांचे समान हिस्से पडतात, म्हणजे सहापैकी दोन एकर त्याचे.

आता खरा रस्ता.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ हा चार प्रकारच्या अपंगत्वासाठी आहे : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता म्हणजे ज्याला आपण आजवर मतिमंदत्व म्हणत आलो ते, आणि बहुविकलांगता. तुमचा भाऊ यातल्या तिसऱ्या प्रकारात बसतो. या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघं तिच्यात असतात. १८ वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमायचा अधिकार या समितीला आहे. आईवडील किंवा नातेवाईक, कुणीही अर्ज करू शकतात.

पण अर्जाआधी प्रमाणपत्र. घरातला तो हातानं लिहिलेला कागद जपून ठेवा, तो जुना पुरावा आहे; मात्र आज सगळीकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मागतात. त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर आपले सरकार केंद्रातून किंवा स्वतः मोबाइलवरून नोंदणी करा, दवाखाना म्हणून जिल्ह्याचं शासकीय रुग्णालय निवडा आणि नोंदणीची पावती छापून घ्या. बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात, शिवाय रोजची कामं तो किती करतो ते विचारतात. ही चाचणी दहा मिनिटांत होत नाही आणि तिचा दिवस ठरलेला असतो. म्हणून आधी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राचा कक्ष गाठून त्या दिवसाची खात्री करा, मगच भावाला घेऊन निघा. पहाटेच्या एसटीनं उपाशीपोटी नेलेला, गर्दीत घाबरलेला माणूस चाचणीत गप्प बसतो. सोबत डबा, पाणी आणि त्याची सवयीची एखादी वस्तू असू द्या. शाळेचा दाखला आणि जुनं प्रमाणपत्र न्या. तपासताना त्याच्या वतीनं उत्तरं देऊ नका. आणि कुणी "त्याला सांग, काही येत नाही म्हण" असं शिकवलं तर ऐकू नका. खोटं जास्तीचं अपंगत्व लिहून आणलं तर उद्या त्याला स्वतःचं साधं बचत खातं चालवायचीही मुभा मिळणार नाही.

इथं एक गोष्ट हमखास अडते : नाव. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जुन्या प्रमाणपत्रावर घरचं टोपणनाव. कार्ड निघायच्या आधी आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढचा प्रत्येक कागद परत येतो. आधार केंद्रात गेलाच आहात तर त्याच्या आधारला कुणाचा मोबाइल जोडलेला आहे तेही बघा. वडिलांचा बंद झालेला नंबर असेल तर बदलून घरातला घाला. गावोगावी अंगठ्याच्या मशीनवर पैसे निघतात. ज्याला नोटा ओळखता येत नाहीत त्याचं बोट धरून मशीनवर टेकवणं फार सोपं असतं. आधारचे ठसे कुलूपबंद करायची सोय आहे, आणि ती त्याच जोडलेल्या मोबाइलवरून करता येते.

समितीचा अर्ज 'नमुना अ' मध्ये असतो. त्यासोबत यूडीआयडी कार्ड आणि अपंगत्व प्रमाणपत्र, भावाच्या वयाचा पुरावा, आधार, रहिवासी पुरावा, वडिलांचा मृत्यू दाखला, होणाऱ्या पालकाशी नातं दाखवणारा कागद, भावाचा आणि पालकाचा एकत्र फोटो, आणि घरातल्या इतर जवळच्यांचं ना-हरकत पत्र जोडा. चुलत भावाचं ना-हरकत पत्र कायद्यानं सक्तीचं नाही, तरी मी ते घेईन. आज त्याला विश्वासात घेऊन सही घेतलीत तर उद्याची हरकत टळते. संपूर्ण संच तीन प्रतींत करा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर अर्ज दिला असं कुणीच मानणार नाही.

अर्जात एक रकाना तुम्ही फार विचारानं भरा : पालकत्व कशासाठी. समितीला दोन गोष्टी तपासाव्या लागतात, या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि नेमक्या कोणत्या कामांसाठी आहे. बहुतेक अर्जांत तिथं "सर्व व्यवहारांसाठी" असं लिहिलेलं असतं. तुम्ही असं लिहा : अमुक बँकेतली एफडी आणि तिचं व्याज भावाच्या खात्यात घेणे व त्याच्यावर खर्च करणे, त्याच्या हिश्शाच्या जमिनीचा मक्ता घेणे व हिशेब ठेवणे, शासकीय योजनांचे अर्ज, औषधोपचाराची संमती. शेळ्या, कपडे, खाणंपिणं, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, हे त्याचं त्याच्याकडे राहू द्या.

पालक कोण? तुम्ही पत्रात फक्त स्वतःचं आणि आईचं नाव घेतलंत आणि त्यातलं एक निवडायचं असं धरलंत. एक निवडायची गरज नाही, दोघींचं संयुक्त पालकत्व मागा. आई रोज त्याच्याजवळ आहे, पण ती ६४ वर्षांची आहे. तुम्ही धडधाकट आहात, पण दुसऱ्या तालुक्यात राहता, आणि पालक व्यक्तीच्या जवळपास राहणारा असावा अशी अपेक्षा असते. दोघी मिळून ती पूर्ण करता. आईला काही झालं तर समितीला कळवून पुढचा आदेश घ्यावा लागेल. पालकत्व वावरासारखं वारसानं येत नाही. पण तुमचं नाव आधीच आदेशात असेल तर मधल्या काळात भाऊ उघडा पडत नाही.

समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात जिल्ह्याजिल्ह्यात फरक पडतो, कारण जिल्हाधिकाऱ्यांपुढे निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे असं काही ना काही असतंच. दोन महिन्यांत निरोप आला नाही तर आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना प्रत पाठवून तक्रार करा. समितीतल्या संस्थेचा प्रतिनिधी कोण हे कळलं तर त्यांना आधीच भेटा. घरी चौकशीला बहुधा तेच येतात. ते आले म्हणून भावाला नवे कपडे घालून खाटेवर बसवू नका. तो रोज जसा असतो तसा दिसू द्या.

अर्ज सुरू असताना एक काम थांबवायचं नाही : वारस नोंद. तिला पालकत्वाच्या आदेशाची गरज नाही. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र, सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. तुम्हाला उशीर झालाच आहे, आता आणखी करू नका. नोटीस निघाली की त्यात भावाचं नाव आहे का ते स्वतः डोळ्यांनी वाचा. "त्याचं नाव राहू द्या, उगाच भानगड" असं कुणी सांगितलं तर ठाम नाही म्हणा. एकदा फेरफारातून नाव सुटलं की परत घालायला प्रांताकडे अपील करावं लागतं. पालकत्वाचा आदेश आला की त्याची प्रत जोडून सातबाऱ्यावर पालकाचा उल्लेख करून घेण्याचा अर्ज द्या.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुम्ही भावाच्या पालक व्हाल, पण त्याच वावरात तुम्ही वाटेकरीही आहात. आईही आहे. म्हणजे वाटणीच्या दिवशी तुम्ही दोन्ही बाजूंना बसलेल्या असाल. विहिरीकडचा तुकडा कुणाला आणि मुरमाड धुऱ्याकडचा कुणाला, हे ठरवताना भावाच्या बाजूनं बोलायला कोणी उरत नाही. २०१६ चा कायदाही हेच सांगतो : दिव्यांग व्यक्तीला आधार देणाऱ्याचा आणि त्या व्यक्तीचा हितसंबंध जिथं आडवा येतो, तिथं आधार देणाऱ्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हावं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. वाटणी आत्ता करू नका. वावर सामाईक ठेवा, उत्पन्न तीन भागांत वाटा. कधी वाटणी करावीच लागली तर ती घरातल्या घरात कागद करून नाही, न्यायालयाची परवानगी घेऊन करा. विक्री, गहाण किंवा दान याबद्दलही तेच. पालकत्वाचा आदेश हाती आला म्हणजे जमीन विकायचा परवाना मिळाला असं समजू नका. स्पष्ट परवानगीशिवाय केलेला व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो आणि घेणाराही बुडतो.

मक्ता लिहून घ्या. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, सहा एकर, साठ हजार, पैसे केव्हा देणार, धुऱ्यावरची झाडं कुणाची, सगळं एका कागदावर. पैसे रोख नकोत, खात्यात. तिघांचे वीस-वीस हजार. भावाचे वीस हजार त्याच्या खात्यात गेले की हिशेबाचं अर्धं काम तिथंच होतं.

कारण हिशेब द्यावाच लागतो, आणि लोक इथंच मागे पडतात. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत भावाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते : जमीन, ठेवी, येणी आणि देणीसुद्धा. वडिलांचं सोसायटीचं पीक कर्ज बाकी असेल तर त्यातला भावाचा भार या यादीत दाखवा; लपवलेलं कर्ज पुढे तुमच्याच अंगावर येतं. त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे जून संपायच्या आत, जमा, खर्च आणि शिल्लक यांचा हिशेब द्यायचा. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. तारीख, रक्कम, कशासाठी, पावती आहे का. औषधं, चपला, दाढीचे पैसे, दवाखान्याची एसटी, सगळं लिहा. घरखर्चात त्याच्या जेवणाचा हिस्सा धरायचा असेल तर महिन्याला एक ठरावीक रक्कम आधीच ठरवून समितीला कळवा. त्याच्या पैशातून घराचं टिन बदललं, भाच्याची फी भरली, असले खर्च चांगल्या मनानं केलेले असले तरी हिशेबात बसत नाहीत. पालक निष्काळजीपणा करतो किंवा पैसे वापरतो अशी तक्रार झाली तर समिती त्याला काढू शकते. गावात ज्यांना तुमच्यावर शंका आहे, त्यांना ही वही दाखवायची तयारी ठेवा.

बँकेकडे परत येऊ. समितीनं दिलेल्या पालकत्व प्रमाणपत्रावर खातं उघडू द्यावं आणि चालवू द्यावं, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखेत ते माहीत नसण्याची शक्यता मोठी. वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, प्रमाणपत्राची प्रत जोडा, पोच घ्या. नकार असेल तर लेखी मागा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. एफडीच्या पावतीवर 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' असं आहे का तेही बघा. असेल तर वडिलांचं नाव मृत्यू दाखल्यावर कमी होतं आणि ठेव भावाच्या एकट्याच्या नावे राहते. मुदत संपली असली तरी घाई करू नका. आदेश येईपर्यंत ती बँकेत पडून राहणंच सुरक्षित आहे.

तोवर काही गोष्टी पालकत्वाशिवायही होतात. यूडीआयडी निघालं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करा. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा याच चार प्रकारच्या अपंगत्वासाठी आहे, एक लाखापर्यंतचा. आई सोबत असेल तर साधं बचत खातंही बऱ्याचदा उघडतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द जास्त, कारण सगळ्यांची घरं ताईंसारखी नसतात. नवऱ्याला स्किझोफ्रेनिया आहे, सासऱ्यांना विसराळूपणाचा आजार आहे, मुलगा अपघातानंतर शुद्धीवर नाही, अशा घरांना स्थानिक स्तर समिती उपयोगी नाही, तिथं अर्ज देऊन सहा महिने घालवू नका. मानसिक आजारासाठी जुन्या १९८७ च्या कायद्यात मालमत्तेचा पालक नेमायची सोय होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ती राहिली नाही. त्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' फक्त उपचारापुरता असतो. साध्या कागदावर रुग्णाच्या सहीनं किंवा अंगठ्यानं तो नेमता येतो, आणि तो माणूस बरा असतानाच नेमून ठेवावा. पैशांसाठी आणि जमिनीसाठी २०१६ च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात मर्यादित पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. कोमात असलेल्या माणसासाठी मात्र वेगळा कायदाच नाही. तिथं उच्च न्यायालयात जावं लागतं, विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी ते नागपूर खंडपीठ. अशा प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानं पत्नीला पतीची पालक नेमलेलं आहे. एखादा वकील १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करू म्हणाला तर थांबवा. तो कायदा अज्ञान मुलांसाठी आहे, सज्ञान माणसाचा अर्ज त्यात फेटाळला जातो.

आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आत्ताच विसरायला लागलं आहे, त्यांनी मुखत्यारपत्रावर विसंबू नये. आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच ते हातातून जातं. समज असेपर्यंत खातं जोडनावाचं करा, नामांकन बघा आणि मृत्युपत्र करा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही; दोन साक्षीदार आणि जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. ताई, तुमच्या आईनंही तिच्या हिश्शाचं मृत्युपत्र आत्ता करावं. तिच्या माघारी तिचे दोन एकर कुणाला आणि भाऊ कुणाच्या घरी राहणार, हे दोन्ही तिनंच बोलून ठेवलेलं बरं. हे तुम्ही सुचवलंत तर वाईट दिसेल असं वाटत असेल तर मामांना बोलायला सांगा.

कुठं अडलात तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. तुम्ही दोघंही त्यात बसता. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. पहिल्या आठवड्यात दोनच कामं करा : तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज आणि रुग्णालयात चाचणीच्या दिवसाची चौकशी. मुखत्यारपत्राचा कागद कुणी तयार करून आणला असेल तर त्यावर भावाचा अंगठा लागू देऊ नका, आणि लागला असेल तर तो कागद घेऊन आधी विधी सेवा समितीत जा.